हिरव्या रेघेचा रस्ता

ताईंनी रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं, 'एकटीने मोटरसायकलवरून फिरायला जाणे'. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, मग चष्मा कपाळावर सरकवून तिसऱ्यांदा वाचला.

"ताई, नुसतं 'घरगुती कारण' लिहिलं असतंत तर मी डोळे मिटून सही केली असती."

"पण कारण घरगुती नाहीये ना, साहेब."

"तेच म्हणतोय मी. खरं कारण लिहायची पद्धतच नाही आपल्याकडे. आता ह्याच्यावर शेरा काय मारू?"

बराच वेळ पेन हवेत धरून शेवटी त्यांनी 'हरकत नाही, जपून जावे' असा शेरा मारला आणि सही केली. जपून जाण्याचा सरकारी हुकूम मिळालेल्या त्या कार्यालयातल्या ताई पहिल्याच.

कार्यालय नकाशांचं होतं. रस्त्यांचे घडीचे नकाशे तिथे तयार व्हायचे. पेट्रोल पंपावर, पुस्तकांच्या दुकानात मिळतात तसले. उघडताना सोपे आणि मिटताना माणसाचा अंत पाहणारे. ताई तिथे बावीस वर्षं नकाशे काढत होत्या. आधी शाईच्या पेनाने पारदर्शक फिल्मवर, आता संगणकावर. कुठला घाट कुठे वळतो, कुठल्या गावाला पाण्याची टाकी आहे आणि कुठल्या पुलाला एकाच गाडीपुरती जागा आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. स्वतः मात्र त्या त्यांच्या जुन्या मोटरसायकलवरून रोज दहा किलोमीटर कार्यालयात जायच्या आणि दहा किलोमीटर घरी यायच्या. एवढाच काय तो त्यांचा प्रवास.

त्या नकाशांत काही रस्त्यांच्या कडेने बारीक हिरवी रेघ असते. हिरवी रेघ म्हणजे निसर्गरम्य रस्ता. असे कितीतरी रस्ते ताईंनी स्वतःच्या हाताने हिरवे केले होते आणि त्यातला एकही पाहिला नव्हता. सेहेचाळीसावं लागल्यावर ही गोष्ट त्यांना अचानक सलायला लागली. तीन दिवस, फक्त हिरवे रस्ते आणि बरोबर कुणीही नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दुसऱ्यांना लांबचं नीट दिसावं म्हणून त्यांनी जन्म घालवला होता. स्वतः मात्र गल्लीच्या टोकापलीकडे कामाशिवाय गेले नव्हते. मोटरसायकलवर ते आयुष्यात एकदाच, बायकोच्या मागे बसले होते. कोपऱ्यापर्यंत. तेही डोळे मिटून.

"अगं, एकटीच का पण?"

"तुम्ही येता का मागे बसून?"

"तसं नाही..." ते म्हणाले आणि हेल्मेटची काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती.

सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "एकटी जाणार, मग रस्ता चुकलीस तर खापर कोणाच्या डोक्यावर फोडशील?"

"मी नकाशे काढते, आई. मी रस्ता कशी चुकेन?"

"बरं बाई," सासूबाई म्हणाल्या. त्या 'बरं बाई'मध्ये काय काय होतं ते ताईंना चांगलंच कळलं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

पहिला दिवस मजेत गेला. कालव्याच्या कडेने जाणारा रस्ता, मग लाकडी पूल, मग दोन्ही बाजूंनी वाकलेल्या झाडांचा लांबच लांब बोगदा. ऊन पानांतून ठिपक्याठिपक्यांनी पेट्रोलच्या टाकीवर पडत होतं. दुसऱ्या कुणी गाणं म्हटलं असतं. ताई मनातल्या मनात हजेरी घेत होत्या. पूल? हजर. पाण्याची टाकी? हजर. वळणापासून दोन मिलिमीटरवर पाणचक्की? ती दिसली तेव्हा त्यांनी गाडी थांबवून चक्क हसून घेतलं. पाणचक्की सुंदर होती म्हणून नव्हे, बरोबर जागी होती म्हणून.

दर तासाला फोन वाजायचा. "हेल्मेटची पट्टी लावलीस ना?" "पाणी प्यायलीस का?" "मागून ट्रक आला तर आधी आरशात बघ, मान वळवू नकोस." चौथ्या फोनला ताई म्हणाल्या, "अहो, सारखं थांबून तुमचे फोन घेतेय, त्यामुळेच मागून ट्रक येतायत." त्यानंतर फोन दोन तासांनी यायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक फाटा आला. उजवीकडचा रस्ता टेकडीवर चढत होता, डावीकडचा सपाटीला उतरत होता. नकाशात हिरवी रेघ डावीकडे होती. ताई डावीकडे वळल्या.

एक किलोमीटर गेला. बटाट्याची शेतं. दुसरा किलोमीटर गेला. बटाट्याचीच शेतं. रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ. मग लांबलचक पत्र्याच्या शेडी आणि कोंबड्यांचा वास. मग वीटभट्टी, तिचं धुराडं, विटांचे ढीग, लाल धूळ. रम्य भाग पुढे असेल, असं ताई स्वतःला समजावत राहिल्या. सातव्या किलोमीटरला त्यांनी गाडी कडेला घेतली, बाजूचा स्टँड लावला, नकाशा टाकीवर पसरला आणि मान उंचावून चारी दिशांना पाहिलं. निसर्ग कुठे दिसेना. दिसली ती एक लाकडी पाटी. तिच्यावर रंगाने लिहिलं होतं, 'देखावा क्रमांक १', आणि पुढे बाण काढला होता.

पाटी नीट वाचता यावी म्हणून त्या दोन पावलं पुढे झाल्या. मागे कडेच्या मऊ मातीत स्टँड हळूहळू रुतत होता. काही क्षणांनी धप्पकन आवाज आला. मोटरसायकल शांतपणे आडवी झाली होती.

"हात लावू नका! पाठ लावायची असते!" समोरच्या घरातून एक पंचावन्न-साठीच्या धिप्पाड बाई बाह्या सावरत येत होत्या. "गाडीकडे पाठ करा, खाली बसा, आता पायांच्या जोरावर उठा. हां! अस्सं!" दोघींनी मिळून गाडी उभी केली. बाईंनी स्टँडखाली एक सपाट वीट सरकवली. कडेला अशा विटांची चळतच रचून ठेवली होती.

"देखावा शोधत होतात ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सगळे इथेच पडतात. सात किलोमीटर धीर धरतात, मग इथे येऊन उतरतात आणि माना उंच करून बघत बसतात. तेवढ्यात गाडी जाते आडवी. या, चहा घ्या."

क्लचचा दांडा वाकला होता. भट्टीवरचा फिटर सकाळी येऊन सरळ करून देईल, असं बाई म्हणाल्या. त्यांची खानावळ होती. चार टेबलं आणि माडीवर भाड्याने द्यायच्या दोन खोल्या. ताईंनी एक खोली घेतली. दुसरा इलाजच नव्हता.

चहा ठेवता ठेवता मालकीणबाईंनी नकाशावाल्यांचा उद्धार सुरू केला. "कोण कुठला उंटावरचा शहाणा ऑफिसात बसून रेघ मारून मोकळा झाला! माझी खानावळ तेव्हा नवीनच होती. भट्टीवरचे लोक जेवायला यायचे, बस. आणि एक दिवस एक जोडपं दारात उभं, म्हणे देखावा कुठंय? मी म्हटलं कसला देखावा? त्यांनी नकाशा काढून दाखवला. ती बाई तर रडायच्या बेताला आली हो. एवढ्या लांबून आलेली. मला कसंनुसं झालं. म्हटलं चला, मागे तळ्यावर बदकं आहेत, ती दाखवते."

"मग?"

"मग काय, येतच राहिले लोक. किती जणांना बदकं दाखवणार? मग शोधायला लागले." त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. वीटभट्टीचं धुराडं, संध्याकाळी धूर एका बाजूला कलतो तेव्हा. तळं आणि बदकं. बांधाचा एक कोपरा, जिथे उभं राहिलं की बटाट्याच्या साऱ्या रांगा लांब एका बिंदूत जाऊन मिळतात. ओढ्यावरची मोरी, जिच्यात हाक मारली की तीनदा उलटून येते. आणि त्यांचा स्वतःचा मागचा ओटा. "पाट्या मीच रंगवल्या. पण खरं सांगू? त्या रांगा मी जन्मभर बघत आले होते. कुणाला तरी दाखवायला गेले तेव्हा पहिल्यांदा दिसल्या."

ताईंचा चहा निवत चालला होता. उंटावरचा शहाणा कोण, ते त्यांना एव्हाना उमगलं होतं. त्या भागाचा नकाशा त्यांच्याच टेबलावर झाला होता.

"तुम्ही काय करता?" बाईंनी विचारलं.

"नोकरी... सरकारी."

"म्हणजे कारकून."

"तसंच काहीसं," म्हणत ताईंनी नकाशा पटापट मिटून खिशात घातला आणि देखावे पाहायला बाहेर पडल्या. कर्तव्य म्हणून पाचही पाहिले. मोरीत हाक मारायची लाज वाटली, म्हणून नुसतं खाकरून पाहिलं. मोरी तीनदा खाकरली. बांधाच्या कोपऱ्यावर मात्र त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. हिरव्या रांगा पायापाशी सुरू होऊन लांब एका टोकाला जुळत होत्या आणि त्यांच्यावरून ढगाची सावली चालत चालली होती. हा देखावा नकाशात कसा दाखवायचा, याला त्यांच्याकडे खूण नव्हती.

खोलीत मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून ताईंनी घरी खानावळीचा नंबर कळवला होता. जेवताना तो फोन चार वेळा वाजला. चौथ्यांदा मालकीणबाईंनीच घेतला आणि बराच वेळ हं, हं करत राहिल्या.

"तुमचे मिस्टर," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "विचारत होते, जिना अंधारा तर नाही ना. मी म्हटलं, पायऱ्या अकराच आहेत, मोजून पाठवते."

सकाळी फिटर दांडा सरळ करत होता, तेव्हा ताईंना राहवेना. ताटलीतलं आम्लेट तसंच ठेवून त्या म्हणाल्या, "बाई, एक सांगायचंय. ती रेघ मी मारलीय. चुकून."

मालकीणबाई पाव कापत राहिल्या. "मला कालच कळलं."

"कसं?"

"नकाशाची घडी केलीत की एका झटक्यात. एकोणीस वर्षांत ते कुणाला जमलेलं बघितलं नाही. नवरा-बायको तर त्याच्यावरून अबोला धरून गेलेत इथून." मग सुरी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आता पुसणार का?"

"नवीन आवृत्ती पुढच्या महिन्यात छापायला जातेय. चूक आहे ती, बाई. मला माहीत असताना..."

"चूक असेल, पण पाट्या खऱ्या आहेत माझ्या," मालकीणबाई म्हणाल्या आणि आणखी एक पाव ताईंच्या ताटलीत ठेवला. त्या पावापुढे ताईंचा नियमांचा अभ्यास थिटा पडला.

परतताना त्या फाट्यावरून टेकडीच्या रस्त्याला लागल्या. तिसऱ्याच वळणाला त्यांनी गाडी थांबवली. खाली लांबवर पसरलेलं तळं, त्याच्यात उलटी पडलेली टेकडी, काठाने उंच झाडांची रांग आणि वाऱ्याने पाण्यावर उठणारी शिरशिरी. एका वळणाला झाकावं आणि पुढच्या वळणाला पुन्हा पूर्ण उघडावं, असा तो रस्ता होता. रेघ इथली होती. ताईंनी कपाळाला हात लावायचा प्रयत्न केला, पण मध्ये हेल्मेट आलं.

माथा ओलांडल्यावर तळ्याच्या काठाशी एक ठेंगणी कौलारू खोली होती आणि पाण्यात आकड्यांचा एक खांब उभा केलेला होता. एक म्हातारे गृहस्थ वहीत काही टिपत होते. तळ्याची पातळी रोज मोजायचं काम त्यांच्याकडे होतं.

"कुठून चुकलात?" त्यांनी विचारलं.

"चुकले नाही. मुद्दाम आले."

"मुद्दाम?" त्यांनी वही मिटली. "इकडे मुद्दाम कुणी येत नाही."

"यायला पाहिजेत, आजोबा. इतकी सुंदर जागा!"

"कशाला यायला पाहिजेत?" आजोबांनी सरळच विचारलं. "दोन मोटारी थांबल्या तरी बगळे उठतात. मग त्यांना परत बसायला अर्धा दिवस लागतो. तुम्ही आलात ते ठीक. तुम्ही एकट्या आहात आणि गाडी आधीच बंद केलीत. पण बाहेर बोलू नका."

ताईंनी वचन दिलं नाही. नकाशे काढणाऱ्या बाईला असं वचन देता येत नाही, हे त्यांनी आजोबांना सांगितलंही. आजोबा रुसून पुन्हा आकडे बघायला लागले; पण ताई निघताना त्यांनी मोठ्याने बजावलं, "उतार फार आहे! दुसऱ्याच गिअरमध्ये घ्या!"

टेकडीखाली रेंज आली तेव्हा मोबाइलवर घरचे अकरा फोन येऊन गेलेले होते.

कामावर रुजू होताच ताई तळघरातल्या कपाटाशी गेल्या आणि एकोणीस वर्षांपूर्वीची फिल्म शोधून त्यांनी काचेच्या उजेडाच्या टेबलावर पसरली. फाट्यापाशी हिरवी रेघ किंचित अडखळलेली होती. पेन तिथे उचललं होतं आणि पुन्हा टेकवताना डावीकडे टेकवलं होतं. कोपऱ्यात तारीख होती.

तारीख त्यांच्या साखरपुड्यानंतरच्या आठवड्यातली होती. त्या दिवसांत हे चष्मेवाले दिवसातून चारदा कार्यालयात फोन करायचे. ताईंनी त्यांच्याच दुकानातून चष्मा केला होता, आणि "नंबर बरोबर बसतोय ना?" हे विचारायला फोन यायचा. चार वेळा. रोज.

ताईंनी फिल्म उचलून साहेबांपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. साहेबांनी भिंग लावून पाहिलं. फाटा पाहिला, तारीख पाहिली, मग तारखेखालची 'तपासले' ही सही पाहिली. सही त्यांचीच होती. शेपटासकट.

"त्या महिन्यात माझी दाढ दुखत होती," साहेब म्हणाले.

"साहेब, खालच्या रस्त्याची रेघ पुसावी लागेल."

"पुसायची तर कारण लिहावं लागेल. आणि तुम्ही तर खरं कारण लिहिता." ते उठले आणि पत्रांची फाइल घेऊन आले. त्या रस्त्याबद्दल इतक्या वर्षांत सात पत्रं आली होती. पहिल्यात लेखकाने कार्यालयाची अक्कल काढली होती. उरलेल्या सहांत आभार होते. दोघांनी 'विशेषतः देखावा क्रमांक तीन' असं लिहिलं होतं, आणि एकाने मोरीबद्दल चार पानं. साहेब तोवर ती मोरी न्हाणीघरातली समजत होते.

"नियम काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"निसर्गरम्यता पाहणीवरून किंवा प्रवाशांच्या अभिप्रायावरून ठरवावी," ताईंनी धडाधड म्हणून दाखवलं आणि मध्येच थांबल्या.

"झालं तर मग. अभिप्राय सहा विरुद्ध एक."

खालची रेघ राहिली. वरच्या रस्त्यालाही ताईंनी रेघ दिली, कारण ती न देणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं. पण उतार फार आहे हे आजोबांचं म्हणणं त्यांनी मोजून पाहिलं. तीव्र चढ दाखवायला नकाशात काळे बाण असतात. नियमाने तिथे तीन बाण बसत होते. आजवर कुणी एकही दिला नव्हता. ताईंनी तिन्ही बाण दिले, अगदी ठळक. तीन बाण बघून मोटारवाले नव्वद टक्के मागे फिरतात, हे त्यांना प्रवाशांच्या पत्रांवरून माहीत होतं.

घरी त्यांनी साखरपुड्याच्या आठवड्याची हकीकत सांगितली तेव्हा नवऱ्याला शरम वाटेल अशी त्यांची अपेक्षा होती. नवरा उजळला.

"म्हणजे त्या बाईंची खानावळ माझ्यामुळे चालली?"

"तुमच्यामुळे लोक सात किलोमीटर बटाटे बघत जातात."

"तेच ते. मला बघायचंय ते."

"मागे बसाल?"

"बसने जाईन," ते म्हणाले. "तू तुझी एकटी ये."

आणि खरंच तसंच झालं. नवा नकाशा छापून आल्यावर एका शनिवारी ते भल्या सकाळी बसने गेले आणि ताई आपल्या एकट्या मोटरसायकलवरून निघाल्या. त्या वरच्या रस्त्याने, गाडी दोनदा बंद करून, बगळे न उठवता आल्या, म्हणून त्यांना खूप उशीर झाला. पोचल्या तर खानावळीत नवरा एका टेबलावर बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसला होता. पाचही देखावे पाहून झाले होते. क्रमांक तीनपाशी मालकीणबाईंना रांगांचं पलीकडचं टोक दिसतच नाही, हे नवऱ्याच्या लक्षात आलं होतं. लगेच त्यांनी बाईंना ओट्यावर उभं करून, भट्टीच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून डोळे तपासले होते. परीक्षेच्या काचांची पेटी त्यांनी सवयीने बरोबर घेतलेलीच होती.

"अगं बाई," मालकीणबाई डोळ्यांवर काच धरून ताईंना म्हणाल्या, "त्या टेकडीवर झाडं वेगवेगळी आहेत की! मी आपली एकच हिरवी चादर समजत होते."

ही बातमी भट्टीवर गेली. दुपारपर्यंत ओट्यावर रांग लागली. फिटर, दोन ट्रकवाले, कोंबड्यांच्या शेडवरच्या बायका, सगळे एक डोळा हाताने झाकून भिंतीवरची अक्षरं मोठमोठ्याने वाचत होते. परतीची बस समोरून निघून गेली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"अहो, बस गेली," ताई म्हणाल्या.

"जाऊ दे. उद्या आहे. ह्यांच्या डाव्या डोळ्याचं काहीतरी निराळंच आहे."

"आणि रात्री?"

"मी देते की खोली," मालकीणबाई आतून ओरडल्या.

ताई थोडा वेळ खांबाला टेकून पाहत राहिल्या. मग त्यांनी हातमोजे चढवले, स्टँडखालची वीट काढून चळतीवर ठेवली आणि गाडीला किक मारली. त्यांच्याकडे अजून दीड दिवसाची सुट्टी होती आणि पूर्वेकडे आणखी एक हिरवा रस्ता होता. तोही त्यांनीच आखलेला. तिकडे काय वाढून ठेवलंय कोण जाणे, असा विचार मनात आला आणि त्यांनी दुसरा गिअर टाकला.